सतरा नंबरचा पत्रा

१

सतरा नंबरच्या खिळ्यावर काहीच नव्हतं.

लिओनिला उरुतियानं पुन्हा एकदा बोट लावून मोजलं. सोळा जागेवर होता, विहिरीत पडून वाचलेली मुलगी. अठरा जागेवर होता, बैलानं शिंगावर घेतलेला म्हातारा. मधला खिळा तेवढा मोकळा, आणि त्याच्याखाली भिंतीवर वीतभर पांढुरका चौकोन.

सान लुकासच्या टेकडीवरच्या त्या चॅपेलमध्ये नवसाचे त्रेसष्ट पत्रे होते. कुणी दुखण्यातून उठलं, कुणाचं हरवलेलं खेचर घरी आलं, की माणूस गावातल्या पत्रा रंगवणाऱ्याकडं जायचा आणि घडलं ते सांगायचा. तो ते पत्र्यावर रंगवून खाली दोन ओळी लिहून द्यायचा. पत्रा मारियामाउलीच्या भिंतीवर टांगला की नवस फिटला. शे-दीडशे वर्षं हे चाललं होतं आणि बाहेरच्या कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आता राजधानीतल्या चित्रकारांना अचानक साक्षात्कार झाला होता, की आपल्या नव्या कलेचं मूळ पॅरिसमध्ये नसून ह्या गंजक्या पत्र्यांत आहे. शिक्षण खात्यानं प्रदर्शन ठरवलं, आणि बावीस वर्षं खेड्यापाड्यांत गणित शिकवलेल्या लिओनिलाबाईंना यादी करायला धाडलं. सोमवारी तिनं यादी केली, खाली सही ठोकली. आज बुधवार. पेंढा आणि खोकी घेऊन ती पत्रे बांधायला आली, तर एक गायब.

रिकाम्या चौकोनाखाली फरशीवर एक नवी मेणबत्ती निम्मी जळून विझली होती.

सालगादो फौजदार वर्षापूर्वीच बदलून आलेला. त्याला फार विचार करायची सवय नव्हती. "किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं," नाबोरबाबा म्हणाले. पाद्री निघून गेल्यापासून चॅपेल झाडणं, दिवाबत्ती, सगळं तेच बघत. वय सत्तरीच्या पुढं.

"मग चला. रविवारी कर्नल ब्रिंगास येताहेत, कचेरीतल्या भित्तिचित्राचं उद्घाटन करून हे पत्रेही बघणार आहेत. त्यांना काय दाखवू, खिळा? पत्रा मिळाला नाही, तर शनिवारच्या ट्रकनं तुमची रवानगी ग्वादालाहाराच्या तुरुंगात."

नाबोरबाबा फौजदाराबरोबर निघाले. दारातून बाहेर पडताना त्यांनी वळून त्या रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. लिओनिला त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. म्हातारा घाबरला नव्हता. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

२

तिला एका जागी बसवेना. फेब्रुवारीचा कोरडा वारा गल्ल्यांतून धूळ उडवत होता, दारं आपटत होती. सिगारेट पेटवायची, चार झुरके घेऊन टाकायची, की लगेच दुसरी. चौकातल्या बाकावर तिनं वही उघडली. सतरा नंबरची नोंद तिच्याच अक्षरात होती.

'फेब्रुवारी १९२८. मेस्कितेच्या झाडाखाली चौघे मरून पडलेले. पाचवा गुडघ्यांवर, पांढरा सदरा, उजवा कान अर्धा तुटलेला. वर ढगात माउली. खाली मजकूर: शिपायांनी पाच जणांवर गोळ्या झाडल्या. माझा नवरा प्रेतांतून उठून घरी आला. त्याची बायको हा पत्रा वाहते. चित्रकार अज्ञात.'

सहा वर्षांपूर्वीचं. सरकारनं चर्चना टाळं ठोकलं म्हणून ह्या मुलखातले लोक ख्रिस्तराजाचा जयजयकार करत बंडाला उभे राहिले होते, त्या दिवसांतलं. लिओनिलाला ते दिवस आठवायला आवडत नसे. तिची मैत्रीण आम्पारो, सरकारी शाळेत शिकवते एवढ्याच गुन्ह्यासाठी, त्या बंडखोरांनी शाळेच्या दारात मारली होती.

ती उठली आणि आधी खानावळीत गेली. तिथं प्लांकार्ते नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी आठवडाभर मुक्काम ठोकून होता, पत्रे विकत मागत होता.

"बाई, मला चोर म्हणा, पण मूर्ख म्हणू नका," तो घेवड्याच्या ताटावरून मान वर न करता म्हणाला. "चाळीस नंबरचा शंभर वर्षांचा आहे. तो सोडून मी सहा वर्षांचा गंजका पत्रा उचलीन? आणि वर मेणबत्ती लावीन? मी आयुष्यात बायकोसाठीसुद्धा मेणबत्ती लावली नाही."

ते पटण्यासारखं होतं. ज्यानं पत्रा नेला, त्यानं माउलीची क्षमा मागून नेला होता. विकायला नेणारा असं करत नाही.

मग ती पत्रा रंगवणाऱ्या एसिकिओकडं गेली. म्हातारा अंगणात बसून एका पत्र्यावर खाट रंगवत होता, खाटेवर पिवळ्या चेहऱ्याची बाई.

"सतरा नंबरचा तुम्ही रंगवला होता?"

"तुमच्या वहीत चित्रकाराच्या जागी काय लिहिलंय?"

ती ओशाळली. "अज्ञात."

"चाळीस वर्षं ह्याच गल्लीत राहतोय मी. विचारलं असतंत, तर समोरच्या कुत्र्यानंसुद्धा सांगितलं असतं."

"चुकलं माझं. दुरुस्त करते. तो पत्रा कुणी वाहिला, बाबा?"

एसिकिओनं कुंचला पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. "लोक माझ्याकडं पाद्र्याकडं बोलावं तसं बोलतात. फरक एवढाच, की पाद्री पळाला आणि मी इथंच आहे."

"नाबोरबाबा कोठडीत आहेत. शनिवारी त्यांना ट्रकमध्ये घालतील."

"ठाऊक आहे मला."

"आणि तरी गप्प बसणार?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तेही गप्पच आहेत ना?"

३

गुरुवारी ती कचेरीत गेली. खालच्या मजल्यावर कोठडी होती आणि कोठडीशेजारून वर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर फेर्मिन आल्कोसेर आठ महिन्यांपासून भित्तिचित्र रंगवत होता. सत्तावीस वर्षांचा, राजधानीतला, रंगानं माखलेला. रोज सकाळी बाल्तासार गवंडी त्या दिवसापुरता ताजा गिलावा चढवायचा आणि तो वाळायच्या आत फेर्मिन तेवढा भाग रंगवायचा. परांचीखाली ओदिलोना पाट्यावर रंग वाटत बसलेली. काळी शाल, काळा झगा, पस्तिशीची बाई. गावात तिला विधवा म्हणत. ती भावासोबत टेकडीमागं राहायची.

"या, लिओनिलाबाई," फेर्मिन वरून ओरडला. "तुमचा हरवलेला पत्रा बघायचाय? इथं आहे."

परांचीच्या शिडीवरून ती घाईघाईनं चढली. पत्रा नव्हता, पण चित्र होतं. मेस्कितेचं झाड, चार प्रेतं, आणि गुडघ्यांवर बसलेला पाचवा माणूस, पुरुषभर उंचीचा. नुकताच रंगवलेला चेहरा अजून ओला होता. उजवा कान अर्धा.

"वहीत उतरवून घेतला होता मी," फेर्मिन म्हणाला. "त्या एसिकिओ म्हाताऱ्याला शरीराचं माप कळत नाही, पण मरणाच्या दारातून परतलेला माणूस कसा बसतो ते कळतं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत."

"मूळ चित्रात गोळ्या झाडणारे शिपाई होते. इथं जमीनदाराचे भाडोत्री गुंड दिसताहेत."

"कचेरीच्या भिंतीवर सरकारी शिपाई कसे रंगवू? कर्नल उद्घाटनाला येणार. माझा माणूस जमिनीसाठी लढणारा शेतकरी आहे. क्रांतीचा माणूस."

"चेहरा कुठून आणलास? पत्र्यावरचे चेहरे सगळे सारखेच असतात."

फेर्मिन खूश झाला. "त्याचीच तर गंमत. मला रेखाटनासाठी कोळसा आणून देतो ना, ओदिलोनाचा भाऊ, कान्देलारिओ? त्याचाही उजवा कान तस्साच तुटका. खिडकीतून चोरून काढला त्याला. समोर बसायला तयारच नव्हता."

खाली पाट्यावरचा वरवंटा थांबला. क्षणभरच. मग पुन्हा फिरू लागला.

ते लिओनिलाच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. ती शिडी उतरून कोठडीपाशी गेली. नाबोरबाबा भिंतीला टेकून आरामात बसले होते.

"बाबा, सांगून टाका. तुरुंगात मराल."

"इथं गारवा आहे, बाई. बाहेर बघा किती धूळ."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता फेर्मिन तिच्या खोलीचं दार बडवत होता. त्याचा आवाज फाटला होता. "चेहरा कापून नेला. माझ्या माणसाचा चेहरा."

४

काम संपल्यावर चित्रावर सोडायचा गोणपाटाचा पडदा बाजूला केलेला. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या खांद्यांवर आता फक्त करड्या गिलाव्याचा गोल होता. खाली फरशीवर रंगीत चुन्याचा ओला चुरा.

"धर्मवेडे," फेर्मिन येरझाऱ्या घालत होता. "ते म्हातारे आणि त्यांच्या जपमाळा."

"धर्मवेड्यांना राग यायचा तर त्या लठ्ठ पाद्र्याचा येईल, जो तू जमीनदाराच्या मांडीवर बसवलायस," लिओनिला म्हणाली. "त्याला ओरखडाही नाही."

बाल्तासार गवंडी परांचीवर उकिडवा बसून त्या गोलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. तो तांपिकोच्या गोदीतून आलेला, पक्का लालबावट्याचा. चर्चसमोरून जाताना थुंकल्याशिवाय पुढं जात नसे.

"बाई, हे बघा. कड तिरपी कापलीय. दिवसाचं काम संपलं की आम्ही अशीच कापतो, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा गिलावा नीट धरतो. नासवणारा माणूस खरवडतो. ह्यानं पुन्हा भरता यावं म्हणून कापलंय. आणि पहाटेच. सकाळपर्यंत थांबला असता तर चुना घट्ट झाला असता."

लिओनिला शिडीच्या पायरीवर बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिची सिगारेट पूर्ण जळली.

एक पत्रा, एक चेहरा. दोन्हीकडं तोच माणूस, तेव्हा हात एकच. नाबोरबाबा बुधवारपासून कोठडीत, म्हणजे हा हात त्यांचा नाही. पत्रा नेणारा माउलीला मानणारा. चेहरा कापणाऱ्याला पडद्याआड काय रंगवलंय ते ठाऊक होतं, गिलावा कधी कडक होतो तेही ठाऊक होतं, आणि त्याला चित्र बिघडवायचं नव्हतं. पडद्याआड तिघांचाच वावर. फेर्मिन स्वतःचा हात तोडेल, पण ते कापणार नाही. बाल्तासार मेणबत्ती लावणार नाही.

तिनं खाली पाहिलं. पाटा धुऊन उभा करून ठेवलेला. ओदिलोना आज आलीच नव्हती.

पण का? मेलेल्या माणसाचं चित्र कुणाचं काय वाकडं करणार? उलट नवरा वीर म्हणून कचेरीच्या भिंतीवर झळकला तर विधवेनं दिवा लावला असता. मग लिओनिलाला आपल्याच वहीतली ओळ आठवली. 'प्रेतांतून उठून घरी आला.' नवस मेलेल्यासाठी फेडत नाहीत. आणि तुटक्या कानाचा एक माणूस ओदिलोनाच्याच घरात राहत होता, भाऊ म्हणून.

"फौजदार," ती खाली जाऊन म्हणाली, "अठ्ठावीस साली इथल्या शिपायांवर कोण होतं?"

"तेव्हा कॅप्टन ब्रिंगास. तेच आता कर्नल." सालगादो अभिमानानं म्हणाला. "पाच बंडखोर त्या मेस्कितेखाली उडवले. पाचही पुरल्याची नोंद आहे. त्याच कामावर बढती मिळाली त्यांना."

५

टेकडीमागं कोळशाची भट्टी धुमसत होती. ओदिलोना अंगणात एका गाठोड्याला दोरी आवळत होती. तिच्या पाठीशी तो माणूस उभा होता, हातात कुऱ्हाड. लिओनिलाला त्याचा कान बघायची गरज राहिली नव्हती.

"कुऱ्हाड खाली ठेव," ओदिलोना त्याला म्हणाली. "बाई एकट्याच आल्यात."

"हा तुझा भाऊ नाही," लिओनिला म्हणाली.

"नाही."

"गावाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. तुम्ही, तो चित्रकार, गवंडी आणि फौजदार सोडून." ओदिलोना गाठोड्यावर बसली. "पत्रा सहा वर्षं भिंतीवर होता, बाई. तिथं माउली बघत होती आणि आमची माणसं बघत होती. तुम्ही यादी केलीत, म्हणालात रविवारी कर्नलसाहेब बघणार, मग राजधानीत जाणार. त्यांनी पाच पुरल्याचं लिहून दिलंय. सरकारनं माफी दिल्यावर जे हत्यार टाकून घरी आले, ते एकेक करून कुठं गेले ते ठाऊक आहे ना तुम्हाला? मी पत्रा काढला. नाबोरबाबांनी किल्ली दिली. म्हणाले, मला धरतील, धरू देत."

"आणि भिंत?"

"ती तर आणखी मोठी. माझ्याच हातानं वाटलेला रंग." तिनं दोरीची गाठ पुन्हा आवळली. "फेर्मिनदादांना सांगा, कड सांभाळून कापलीय."

लिओनिला त्या माणसाकडं वळली. जे विचारायचं नव्हतं ते तोंडातून निघालंच. "सत्तावीस साली लास पालोमासच्या शाळेत एक बाई मारली. आम्पारो झेपेदा. तू होतास तिथं?"

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांत धरला होता.

"त्या टोळीत मी नव्हतो, बाई," तो म्हणाला. "पण असतो तर आडवा आलो असतो का, ते मला आजही सांगता येत नाही."

तो खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं. वाऱ्यानं भट्टीचा धूर तिच्या अंगावर आणला, डोळे चुरचुरले. आम्पारो वर्गात शिरताना आधी खिडक्या उघडायची, हे तिला उगाचच आठवलं.

"गाठोडं सोडा," ती शेवटी म्हणाली. "आत्ता पळालात तर फौजदार ओळखेल. रविवारपर्यंत मला वेळ द्या."

६

फेर्मिन ऐकून भडकला. "माझा सर्वांत चांगला चेहरा, आणि तुम्ही सांगता बदल? शेतकऱ्याचा चेहरा आहे तो."

"ख्रिस्तराजाच्या बंडखोराचा आहे. तुझ्या सरकारविरुद्ध लढलेला. माझ्याही."

"म्हणजे मी आठ महिने राबून रंगवलं कुणाला?"

"ओदिलोनाच्या नवऱ्याला. तू पत्र्यावरून घेतलंस, पत्र्यावर एसिकिओनं घेतलं, एसिकिओनं तिच्या तोंडून घेतलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही."

तो जिन्यावर बसून राहिला. उठला तेव्हा त्यानं फक्त बाल्तासारला हाक मारली. "गिलावा कालव."

शनिवारी ट्रक यायच्या तासभर आधी लिओनिला फौजदारासमोर उभी राहिली. वहीतलं एक पान फाडलेलं होतं, यादी पुन्हा लिहिलेली होती.

"माझी मोजणी चुकली. पत्रे बासष्टच होते. म्हाताऱ्याला सोडा."

"सोमवारी त्रेसष्ट, आज बासष्ट? तुम्ही गणिताच्या बाई ना?"

"चुकतं माणसाचं."

"हे लेखी लागेल. खात्याकडंही जाईल. पुन्हा असलं काम कुणी देणार नाही तुम्हाला."

"कागद द्या," ती म्हणाली.

नाबोरबाबा बाहेर आले, उन्हात डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "चॅपेल झाडायचं राहिलंय."

रविवारी बँड वाजला. कर्नल ब्रिंगास मजबूत बांध्याचा माणूस, मिशा तलवारकट, पाठीमागं ग्वादालाहाराचे दोन वार्ताहर. तो एकेक पायरी चढत चित्र बघत होता आणि मान डोलावत होता. ओदिलोना पाट्यापाशी खाली मान घालून बसली होती.

मेस्कितेच्या झाडापाशी कर्नल थांबला. गुडघ्यांवरच्या माणसाच्या डोळ्यांवर फेर्मिननं रुंद पांढरं फडकं बांधलं होतं. ते दोन्ही कानांवरून मागं गेलं होतं. दिसत होती फक्त हनुवटी आणि घट्ट मिटलेले ओठ. कर्नल पुढं वाकला. तो बोटानं प्रेतं मोजत होता. एक, दोन, तीन, चार. बोट पाचव्यावर थांबलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

फेर्मिन एक पायरी खाली सरकला.

"फडकं चूक आहे. आम्ही कुणाचे डोळे बांधले नव्हते. त्या माळावर कुठलं आलंय फडकं?"

चित्रात बंदुका धरून उभे होते ते जमीनदाराचे गुंड, आणि कर्नल म्हणाला होता 'आम्ही'. एका वार्ताहराची पेन्सिल कागदावर टेकली होती, ती तिथंच राहिली. सालगादो फौजदार खोकला. कर्नलच्या मानेवर लाली चढत गेली. त्यानं टोपी सारखी केली.

"जेवणाला उशीर होतोय," तो म्हणाला आणि वरच्या पायऱ्या न चढताच उतरला. पत्रे बघायचे राहिले ते राहिलेच. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बँडनं कुठली गाणी वाजवली तेवढंच छापून आलं.

सोमवारी बासष्ट पत्रे पेंढ्यात बांधून बसच्या टपावर चढले. प्रत्येक पत्र्याच्या नोंदीत चित्रकाराच्या जागी, जिथं जिथं खरं होतं तिथं, एसिकिओ बाराहास असं लिहिलेलं होतं. बस सुटायच्या आधी ओदिलोना आली. तिनं खिडकीतून फडक्यात गुंडाळलेल्या गरम मक्याच्या भाकऱ्या आत दिल्या.

"आम्ही इथंच राहतोय," ती म्हणाली. "निदान पेरणीपर्यंत तरी."

"सांभाळून."

ओदिलोनानं इकडं तिकडं पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीला धरून टाचा उंचावल्या. "कान्देलारिओ हे माझ्या मेलेल्या भावाचं नाव. ह्यांचं खरं नाव सांगते. सहा वर्षांत मोठ्यानं घेतलं नाही मी."

तिनं ते लिओनिलाच्या कानात सांगितलं. बस हलली. रस्ता खडबडीत होता, टपावर पत्रे खडखडत होते. लिओनिलानं वही काढली नाही. पुढचं लागोस गाव येईपर्यंत ती ते नाव मनातल्या मनात घोळवत राहिली, विसरू नये म्हणून.